मुरलीधराची ढब

या, असे पुढे सरकून बसा. खांबाला टेकलेल्यांनीही या; लांब बसलं की अर्धं ऐकू येतं आणि उरलेलं अर्धं आपलं आपणच लावून घेतो. आज पेटी नाही, तबला नाही, हार-बुक्का नाही. साताऱ्यातल्या एका पेठेतल्या मुलीच्या उभं राहण्याची गोष्ट सांगायची आहे. पाल्हाळ लावायचा नाही. ऐका.

चारुलता गुडघ्यांवर बसून, तोंडात टाचण्या धरून, शाळेच्या नव्या कुर्त्याचा घेर दुमडत होती. कुर्ता तिच्या लेकीच्या, अबोलीच्या अंगात होता. पलीकडे शिलाई मशिनवर कुणाकुणाच्या ब्लाउजांचा ढीग पडला होता आणि बाहेर आषाढातली कोरडी उघडीप होती.

"हलू नकोस," टाचण्यांच्या फटीतून चारुलता म्हणाली.

"मी हलत नाहीये."

खरंच हलत नव्हती. तरी घेर डावीकडे दोन बोटं खाली लोंबत होता. चारुलतेने डावी बाजू दोन बोटं जास्त दुमडली, टाचणी मारली, मागे सरून पाहिलं. आता घेर जमिनीशी समांतर दिसत होता. तिला यात नवल वाटेनासं झालं होतं. सहावीच्या सुट्टीत पहिल्यांदा असं झालं तेव्हा तिने कापड पुन्हा मोजलं होतं, कात्रीला धार लावून आणली होती, स्वतःच्या चष्म्याला दोष दिला होता. पुढे हातालाच सवय झाली. अबोलीचं कापड बेततानाच ती उजवा खांदा जरा चढता धरायची आणि डावीकडून थोडं काढून टाकायची. गिऱ्हाइकांचे कपडे बिनचूक बसायचे. घरच्या पोरीचेच असे का चुकतात, हा विचार कधी आलाच तर तो मशिनच्या आवाजात विरून जायचा.

त्याच वेळी क्रांती मॅडम ब्लाउज न्यायला आल्या. त्या अबोलीच्या शाळेत खेळाच्या बाई, मूळच्या खटावकडच्या. बोलणं सरळ आणि आवाज मैदानावरचा. ब्लाउजची घडी हातात घेऊन त्या उंबऱ्याशीच थांबल्या आणि अबोलीकडे बघत राहिल्या. मग म्हणाल्या, की बरेच दिवस सांगीन म्हणत होते, ही खो-खोला लय चपळ होती, आता पळताना एका अंगाला जाते. उजवा हात शरीराला चिकटून राहतो, डावाच तेवढा हलतो. दम पण लवकर लागतो.

"अबोली, पाय जुळव. दोन्ही हात जोड आणि पुढं वाक. कमरेतनं वाक, पाणी प्यायला वाकतो तसं."

अबोली वाकली. खिडकीतून येणारं ऊन तिच्या पाठीवर पडलं. उजवीकडची पाठ वर आली, डावीकडची खालीच राहिली. एका अर्ध्यावर ऊन होतं आणि दुसऱ्या अर्ध्यावर त्याच पाठीची सावली. चारुलतेच्या तोंडात अजून टाचण्या होत्या. त्या तिने काढल्या नाहीत.

तेवढ्यात अबोलीचा बाबा अवधूत आला. अवधूत दिवसा नगरपालिकेच्या पाणीपुरवठ्यात नोकरी करायचा आणि सणासुदीला कीर्तन. पेठेत त्याला सगळे बुवाच म्हणायचे. आवाज गोड, हजरजबाबीपणा असा की रुसलेलं माणूसही हसून उठावं. मॅडमनी त्याला सगळं पुन्हा सांगितलं, तेव्हा तो हसला आणि म्हणाला, "अहो मॅडम, तुम्ही आमच्या देवळात काल्याला कधी आला नाहीत, म्हणून घोटाळा झाला. ती मुरलीधराची ढब आहे."

मॅडमना ठाऊक नव्हतं, पण पेठेत सगळ्यांना ठाऊक होतं. गोकुळाष्टमीच्या दुसऱ्या दिवशी सकाळी काल्याचं कीर्तन व्हायचं. अवधूत उभा राहायचा आणि उत्तररंगात मुरलीधराचं वर्णन आलं की गाभाऱ्याच्या दाराशी पिवळ्या पितांबरात, मोरपीस खोवून, ओठांशी बासरी धरून अबोली उभी असायची. सात वर्षांची असल्यापासून. पहिली तीन-चार वर्षं नुसतीच गोड दिसायची. पुढे पुढे मात्र लोक बघतच राहायचे. एक खांदा वर, कंबर एका बाजूला गेलेली, मान किंचित कललेली. थेट आतल्या मूर्तीसारखी. अवधूत तिच्याकडे हात करून म्हणायचा, "पाहा, तीन ठिकाणी वाकलाय. देव तीन ठिकाणी वाकला म्हणून तिन्ही लोक सरळ उभे राहिले." त्या वाक्यावर टाळ्या यायच्या, बायका डोळे पुसायच्या. परळी खोऱ्यातून मुलाकडे राहायला आलेली धोंडुबाई देवळात झाडलोट करायची, ती दर वर्षी काला झाल्यावर मीठ-मोहऱ्यांनी अबोलीची दृष्ट काढायची.

मॅडमनी सगळं ऐकून घेतलं.

"बुवा, ढब असती तर वाकल्यावर गेली असती," त्या म्हणाल्या. "गेली नाही. सांगलीला माझी मैत्रीण आहे, मणक्याची डॉक्टर. मी आजच फोन करते."

अवधूतला ते पटलं नव्हतं. पण शाळेच्या बाईंचा मान ठेवायला आणि चारुलतेने दोन दिवस मशिनला हात लावला नव्हता म्हणून, त्याने रजा टाकली.

एसटीत अवधूत खुशीत होता. कराड मागे पडेपर्यंत त्याने या वर्षीच्या काल्याचा पूर्वरंग गुणगुणून पाहिला. पलीकडच्या बाकावरच्या म्हाताऱ्याने ओळख काढली, तेव्हा अवधूतने अबोलीकडे बोट दाखवून सांगितलं की हा आमचा मुरलीधर. अबोली खिडकीला डोकं टेकून उसाची शेतं बघत होती. इस्लामपूरला तिला भूक लागली, तिने वडा खाल्ला. चारुलतेने तिकिटाची घडी घातली, आणखी एक घातली, आणखी एक; शेवटी ते तिकीट नखाएवढं झालं आणि कुठेतरी पडलं.

डॉक्टर ब्राह्मी मगदूम क्रांती मॅडमच्याच वयाच्या होत्या. हळू बोलायच्या, आणि बोलण्याआधी बघायच्या. त्यांनी अबोलीला दवाखान्याच्या लांब बोळातून चालायला सांगितलं. जा, वळ, परत ये. मग अनवाणी. मग डोळे समोर ठेवून. त्यांनी चारुलतेला आपल्या शेजारी उभं केलं आणि काय दिसतंय ते सांगत गेल्या. पावलं बघा, उजवं जोरात पडतंय, डावं नुसतं टेकतंय. कंबर दोन्ही बाजूंना सारखी हलायला हवी, ती एकीकडे अडकलीय. धड पायांच्या बरोबर मध्यावर नाही, जरा बाजूला सरकलंय, म्हणून प्रत्येक पावलाला ती स्वतःला पडण्यापासून सावरतेय. तिला ते कळतही नसेल. पण दमते ती त्यानेच.

चारुलता बघत होती. हा आवाज तिच्या ओळखीचा होता. जिन्यावर एक जड, एक हलकं पाऊल वाजलं की ती मशिनवरून मान वर न करता म्हणायची, आली अबोली. सम आणि खाली, सम आणि खाली. लेकीची चाल आपल्याला अंधारातही ओळखता येते याचा तिला केवढा अभिमान होता.

एक्स-रे उजेडावर लावला. अवधूत पुढे झाला आणि थांबला. पाठीचा कणा सरळ खाली येता येता मध्येच उजवीकडे गेला होता, कमरेपाशी परत फिरला होता. डॉक्टरांनी सांगितलं की याला स्कोलिओसिस म्हणतात. कणा नुसता बाजूला जात नाही, ओलं कापड पिळावं तसा स्वतःभोवती फिरतोही. त्याच्याबरोबर बरगड्या फिरतात, म्हणून पाठ वर येते. वाढीच्या वयात होतो, मुलींमध्ये जास्त वाढतो, दुखत नाही म्हणून लक्षात येत नाही. कारण बहुतेक वेळा सापडत नाही. दप्तराने होत नाही, वाकडं बसल्याने होत नाही.

"कधीपासून आहे असं?" त्यांनी विचारलं.

अवधूतने घसा साफ केला. हे त्याला सांगता येण्यासारखं होतं. त्याने फोन काढला. दर वर्षीचे काल्याचे फोटो त्याने एकाखाली एक जपून ठेवले होते. तो त्यांना सांगू लागला, की हा पहिल्या वर्षीचा, तेव्हा मुकुट मोठा झाला होता. हा त्याच्या पुढचा. हा बघा, या वर्षीपासून तिला खरी ढब साधली. हा तर गेल्या साली पेपरात आला होता.

डॉक्टरांनी फोन हातात घेतला. एकेक फोटो पुढे सरकवला, मग मागे, मग पुन्हा पुढे. एका फोटोवर त्या थांबल्या. ज्या वर्षी ढब साधली, त्या वर्षीचा तो होता. फोटोत अबोलीच्या मागे माणसं टाळ्या वाजवताना दिसत होती.

"या सुमाराला आली असती तर…" त्या म्हणाल्या आणि त्यांनी वाक्य तिथेच ठेवलं. फोन उलटा करून टेबलावर ठेवला. "आता असं करू. अजून ती वाढतेय, ही चांगली गोष्ट आहे. पट्टा देऊ. कडक प्लास्टिकचा असतो, काखेपासून कमरेखालपर्यंत. अंघोळीला काढायचा, थोडा वेळ खेळायला काढायचा, बाकी दिवसरात्र अंगावर. कणा त्याने पुन्हा सरळ होणार नाही, पण आहे तिथे थांबेल, असा प्रयत्न करायचा. थांबला नाही तर ऑपरेशन. ती सीमारेषा फार लांब नाहीये. म्हणून पट्ट्यात सूट नाही."

अवधूतने मान हलवली. टेबलावरचा फोन उचलून खिशात टाकला.

एक्स-रेसाठी अबोलीला दवाखान्याचा झगा दिला होता आणि तिचा कुर्ता दाराच्या खुंटीवर टांगला होता. निघताना डॉक्टर तो काढून द्यायला गेल्या आणि हातात घेऊन थबकल्या. खुंटीवर तो कुर्ता वाकडा दिसत होता. एक खांदा चढा, एक उतरता, डावा घेर उजव्यापेक्षा आखूड. कुणीतरी घाईत, हात न बसलेल्याने शिवल्यासारखा.

"कपडे वाकडे बसायला लागले की आयांच्या लक्षात येतं सहसा," त्या म्हणाल्या. मग कुर्त्याकडे आणि अबोलीकडे पाहून त्यांनी विचारलं, "हा कुणी शिवला?"

"मी."

"अंगावर फार नीट बसला होता."

त्यांच्या आवाजात टोमणा नव्हता. चारुलतेने कुर्ता घेतला, अबोलीच्या डोक्यावरून घातला, खाली ओढला. पुन्हा सगळं समांतर झालं. तिला वाटलं आपल्याला आता रडू येईल. आलं नाही. बसस्टँडवर तिने अबोलीला केळी घेतली, घरी शेजारणीला फोन करून दूध घ्यायला सांगितलं, गाडी किती वाजता आहे ते विचारून आली. सगळं ध्यानात राहत होतं. फक्त कुणीतरी आपल्या जागी हे करतंय आणि आपण मागच्या रांगेत बसलोय, असं तिला वाटत होतं.

परतीच्या गाडीत अवधूत गुणगुणला नाही.

पट्टा तयार होऊन आला तेव्हा श्रावण लागला होता. पांढरा, टणक, पाठीमागे आवळायचे तीन बंद. आतून एका ठिकाणी जाड गादी होती, ती बरगडीवर दाबायची. पहिल्या दिवशी अबोलीने घरातल्या घरात फेऱ्या मारल्या. एक हात भिंतीला, एक हात कपाटाला. जेवायला मांडी घालता येईना, म्हणून तिला खुर्चीवर ताट दिलं. खाली पडलेली पेन्सिल उचलायची तर अख्खंच्या अख्खं खाली बसावं लागे. शाळेत पोरं आधी तिला चिडवत. कॉम्प्युटरच्या तासाला कुणीतरी तिचं नाव इटालिक ठेवलं होतं, हे चारुलतेला आत्ता कळलं. आता पोरं म्हणत होती, इटालिकची बोल्ड झाली. हे अबोलीने स्वतःच हसून सांगितलं. चारुलताही हसली. हसून झाल्यावर ती पोळी लाटायला लागली आणि पोळी तव्यावर काळी पडेपर्यंत तिथेच उभी राहिली.

सगळ्यात चमत्कारिक एक गोष्ट झाली. आठवड्याभरातच जिन्यावर पावलांचा आवाज बदलला. दोन्ही सारखी पडू लागली. चारुलता दचकून मशिन थांबवायची आणि विचारायची, "कोण आहे?"

"मीच आहे आई. कोण असणार?"

अवधूत या दिवसांत नोकरीवर जायचा, यायचा, जेवायचा. मुलीशी बोलताना आवाज चढा आणि मजेचा लावायचा, तो लगेच उतरायचा. पट्ट्याकडे बघणं टाळायचा. अष्टमी जवळ आली तशी देवळातली माणसं घरी येऊ लागली. त्यांना पट्ट्याचं कळलं होतं. विश्वस्तांपैकी एकाने अडून अडून सुचवलं, की या वर्षी दुसरी एखादी मुलगी उभी करू, नाहीतरी अबोलीला त्रास कशाला. अवधूत नको म्हणाला. मग ते म्हणाले, बरं, पण बुवा, तेवढ्या वेळापुरता काढता येतो ना तो? लोक वर्षभर वाट बघतात.

ते गेल्यावर अवधूत चारुलतेजवळ पाट ओढून बसला.

"डॉक्टरांनीच सांगितलंय, खेळायला काढला तर चालतो," तो म्हणाला. "तासाभराचा तर प्रश्न आहे, चारू."

चारुलता काजं करत होती. तिने दोरा दातांनी तोडला. तास गेल्याने कणा वाकडा झाला नसता, हे तिलाही कळत होतं. पण पट्टा काढून अबोली त्या दाराशी उभी राहणार, लोकांना तीच कंबर, तोच खांदा दिसणार, आणि टाळ्या पडणार. आपणही तिथेच बसलेलं असणार. एवढं तिच्या डोळ्यांपुढे आलं, आणि त्यापुढे तिला काही सुचेना.

"तिला विचारा," ती म्हणाली.

अबोली आतून म्हणाली की मी उभी राहणार. नेहमीसारखी. पट्ट्याचं तिला कुणी विचारलं नाही आणि तिनेही काही सांगितलं नाही.

काल्याच्या सकाळी देऊळ भरलं होतं. पोहे, दही, लाह्या, डाळिंबाचे दाणे मोठ्या परातीत कालवून ठेवले होते आणि मंडपाच्या आढ्याला हंडी बांधली होती. अवधूत पूर्वरंगात रंगला नव्हता, पण त्याचा गळा इतका सवयीचा होता की लोकांना ते जाणवलं नाही. गाभाऱ्याशेजारच्या खोलीत चारुलता अबोलीला पितांबर नेसवत होती. पट्टा अजून अंगावर होता. मध्यंतराला अवधूत हार सावरत खोलीच्या दाराशी आला, आत न येता हलक्या आवाजात म्हणाला, "काढलास का?"

चारुलतेचा हात पट्ट्याच्या मागच्या बंदांवर होता. पितांबर नेसवताना वरचा बंद सैल झाला होता. तिने तो ओढला, खूण केलेल्या रेघेपर्यंत नेला आणि दाबून बसवला. बंद आवळल्याचा करकर आवाज झाला. अवधूतने तो ऐकला. मग त्याची पावलं परत गेली.

पट्ट्यावर पिवळं कापड ताणून बसलं. शेला घेतला, मोरपीस खोवलं, हातात बासरी दिली. आणि उत्तररंगात ठरलेल्या जागी, तबल्याची लय चढली तशी, अबोली दाराशी जाऊन उभी राहिली.

ताठ उभी राहिली. खांदे जवळजवळ सारखे, कंबर जागेवर, मान सरळ. आत मूर्ती वाकलेली होती, बाहेर मुलगी ताठ होती. मंडपात बायकांमध्ये कुजबुज झाली. कुणीतरी म्हणालं, जरा पाय दुमड म्हणावं. कुणी म्हणालं, आज रंग नाही.

अवधूतने वर्णन सुरू केलं होतं. चरण झाले, पितांबर झाला, वैजयंती झाली. मग तो नेहमीच्या जागी आला, मुलीकडे हात केला. "पाहा," तो म्हणाला. "पाहा…"

पेटीवाल्याने सूर धरून ठेवला. अवधूतचा हात हवेत तसाच होता. त्याने धृपद घेतलं, ते पुन्हा घेतलं, तिसऱ्यांदा घेतलं. तबलजीला वाटलं बुवांना आज भाव आला, त्याने लय वाढवली. लोक टाळ्यांवर ठेका धरू लागले. त्या गजरातच कुणीतरी हंडीची दोरी सोडली. ते वाक्य यंदा आलंच नाही, आणि बहुतेकांच्या ते ध्यानातही आलं नाही.

आरती झाली. प्रथा अशी की काल्यानंतर कीर्तनकाराने आधी बाळकृष्ण झालेल्या मुलाच्या पायांवर डोकं ठेवायचं, मग बाकीच्यांनी. अवधूत पुढे आला, चिपळ्या खाली ठेवल्या आणि गुडघे टेकून लेकीच्या पायांवर वाकला. मागे धोंडुबाई मीठ-मोहऱ्यांची मूठ घेऊन उभी होती. तिला ऐकू कमी यायचं, त्यामुळे ती मोठ्यानेच बोलायची.

"का गं बाय, आज ढब का न्हाई घेतलीस? दर साली कशी देवावानी उभी ऱ्हातीस. आज निस्ती खांबावानी?"

चारुलता पुढे झाली. पण अबोलीच आधी बोलली. तिने आवाज उंच केला नव्हता. म्हातारीला ऐकू जावं एवढाच लावला होता.

"ढब नव्हती आजी. मी कधीच घेतली नव्हती. मी दर वर्षी सरळच उभी राहायचे." मग जरा थांबून, बासरी या हातातून त्या हातात घेत ती म्हणाली, "आजच वाकडं उभं राहिल्यासारखं वाटतंय."

धोंडुबाईने मूठ तिच्या अंगावरून उतरवली आणि ती चुलीकडे गेली. तिला किती ऐकू गेलं कोण जाणे. लोकांची रांग लागली होती, परातीतून काला वाटायला सुरुवात झाली होती, पोरं दह्यात घसरत होती. अवधूत वाकलेलाच होता. त्याच्या मागचे लोक थोडा वेळ थांबले. बुवांचा भाव आहे, म्हणून कुणी हटकलं नाही.

चारुलतेने अबोलीच्या पाठीवर हात ठेवला. हाताला प्लास्टिक लागलं. तिने हात काढला नाही.

थंडीत पुन्हा सांगलीला जायचं आहे, पुन्हा उजेडावर एक्स-रे लावायचा आहे. तेव्हा काय दिसेल ते आत्ता कुणालाच सांगता येणार नाही, आणि गोष्ट सांगणाऱ्याने ते आपल्या मनाने सांगू नये. तुम्ही उठाल, प्रसाद घ्याल, घरी जाल. जाताना एवढं करा. नामस्मरणाला बसाल तेव्हा एखादा श्वास त्या पोरीसाठी ठेवा. तिची ढब आठवू नका. गाभाऱ्याच्या दाराशी, इतकी वर्षं, आपल्या मनाने अगदी सरळ उभी असलेली अबोली आठवा.